रिअर व्हील ड्राइव्ह परत आली, पण साकीनाक्याच्या ओल्या रस्त्याचं काय?

१५ जुलै २०२५ ला वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्लाचं भारतातलं पहिलं शोरूम उघडलं. चर्चा झाली ती ‘मॉडेल वाय’च्या साठ लाखांच्या घरातल्या किमतीची. एक मुद्दा मात्र मागे पडला. इथे विक्रीला आलेली ही गाडी रिअर व्हील ड्राइव्ह आहे, म्हणजे मोटरची सगळी ताकद मागच्या दोन चाकांवर जाते. नोव्हेंबर २०२४ मध्ये महिंद्राने आणलेल्या, पुण्याजवळ चाकणला तयार होणाऱ्या ‘बीई ६’ आणि ‘एक्सईव्ही ९ई’ यांचंही तसंच आहे.

बीकेसीतून साकीनाका काही किलोमीटरवर. तिथल्या अंधेरी-कुर्ला रोडवर मधोमध मेट्रोचे खांब, बाजूला रिक्षा आणि दुचाक्या, आणि पावसाळ्यात खड्डे. अशा रस्त्यावर ही ताकद सांभाळायची कशी?

मागची चाकं मुंबईला नवीन नाहीत

याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, कुर्ल्यात, प्रीमियर पद्मिनी तयार व्हायची. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी झालेली ही गाडी रिअर व्हील ड्राइव्हच होती. आजची रिक्षाही मागच्याच चाकांवर पळते. पण पद्मिनीची ताकद होती सुमारे ४० अश्वशक्ती, रिक्षाची तर १० च्या आसपास. मोठ्या बॅटरीच्या ‘बीई ६’ची ताकद आहे २८६ अश्वशक्ती, म्हणजे पद्मिनीच्या सातपट.

१९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि हळूहळू बहुतेक घरगुती गाड्या पुढच्या चाकांवर चालू लागल्या. अनेक चालकांना सवय आहे ती अशाच गाडीची.

घसरण्यात फरक काय?

टायर रस्त्याला टेकतो तो साधारण तळहाताएवढ्या जागेवर. वेग वाढवणं, ब्रेक लावणं आणि वळणं ही तिन्ही कामं तेवढ्याच जागेतून होतात. पकडीचा हिशोब महिन्याच्या पगारासारखा असतो: वळण्यावर जास्त खर्च झाली, तर वेगासाठी कमी उरते. आणि पावसात मुळात पगारच कमी. त्यातही पहिल्या सरीनंतर, रस्त्यावर साचलेलं तेल आणि धूळ पाण्यात मिसळते तेव्हा, घसरण्याचा धोका वाढतो.

सरळ रस्त्यावर वेग घेताना वजन मागे सरकतं, त्यामुळे मागच्या चाकांना उलट चांगली पकड मिळते. प्रश्न वळणावर येतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ताकद जास्त झाली की गाडी वळायचं सोडून सरळ जाऊ लागते. रिअर व्हील ड्राइव्हमध्ये मात्र गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि गाडी गरकन फिरू शकते.

साकीनाक्याला वेग तो काय असणार, असं वाटेल. पण सिग्नल सुटताना किंवा खांबांमधून यू-टर्न घेऊन मिळालेल्या फटीत घुसताना स्टिअरिंग वळलेलं असतं आणि पाय अ‍ॅक्सिलरेटरवर असतो. चाकाखाली गटाराचं लोखंडी झाकण किंवा झेब्रा क्रॉसिंगचा ओला पट्टा आला, तर तेवढंही पुरतं.

इलेक्ट्रिक गाडीत आणखी दोन गोष्टी आहेत. एक, मोटरचा जोर पाय दाबताक्षणी मिळतो. दोन, पाय उचलला की मोटर बॅटरी चार्ज करत गाडीचा वेग कमी करते आणि हा ब्रेक मागच्या चाकांवर लागतो. ओल्या वळणावर पाय झटकन उचलणंही म्हणूनच धोक्याचं.

मग इलेक्ट्रॉनिक्स कशासाठी?

चाक जागीच फिरू लागलं की ट्रॅक्शन कंट्रोल ताकद कमी करतं. गाडी भरकटू लागली की इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावतं. १९९५ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासपासून ही यंत्रणा रस्त्यावर आली. भारत एनसीएपी चाचणीत तीन किंवा त्याहून जास्त स्टार हवे असतील, तर ती गाडीत असावीच लागते.

पण ही यंत्रणा आहे ती पकड नीट वापरते, नवी पकड तयार करत नाही. टायर गुळगुळीत झाला असेल तर तिचाही इलाज चालत नाही. टायरच्या खाचांची खोली कायद्याने किमान १.६ मिलिमीटर हवी. पावसाळ्यात तेवढ्यावर थांबणं शहाणपणाचं नाही.

चालकाने काय करायचं?

- स्टिअरिंग सरळ होऊ लागल्यावरच ताकद वाढवायची, तीही हळूहळू.
- पावसात सौम्य ड्राइव्ह मोड निवडायचा आणि सोय असेल तर पाय उचलल्यावर लागणारा ब्रेक कमीवर ठेवायचा.
- ट्रॅक्शन कंट्रोल बंद करायचं नाही. चिखलात रुतलेली गाडी काढणं हा अपवाद.
- मागचा भाग घसरलाच तर पाय अलगद सैल करायचा, जिकडे जायचं आहे तिकडे बघायचं आणि तिकडेच स्टिअरिंग वळवायचं.

यातलं शेवटचं कौशल्य लायसन्सच्या चाचणीत तपासलं जात नाही. चाळीस अश्वशक्तीच्या काळात ते चालून गेलं. आता गाडीला सुरक्षेचे स्टार मिळतात, पण ते मुख्यतः आत बसलेल्यांसाठी असतात. साकीनाक्याला गाडीची पकड सुटली, तर शेजारी हातभर अंतरावर स्कूटरवाला असतो. त्याच्याकडे फार तर हेल्मेट असतं.