पेरणी आणि प्रवेश एकाच महिन्यात



मृग लागला की कास्तकाराच्या पैशाला दोन वाटा फुटतात. एक बियाण्याच्या दुकानाकडे जाते, दुसरी लेकराच्या कॉलेजकडे. सरकीच्या थैल्या, खत, मजुरी यांना पैसा जूनमध्ये लागतो आणि बारावी झालेल्या पोराच्या नाही तर पोरीच्या प्रवेशालाही जून-जुलैतच लागतो. कापूस घरात येतो दिवाळीच्या पुढेमागे. म्हणजे खर्च सगळ्यात मोठा तेव्हा घर सगळ्यात रिकामे. प्रवेशाच्या बाजारातल्या दलालाला हे वेळापत्रक चांगले पाठ आहे.

तो म्हणतो, "काका, एकच जागा राहिली आहे. आज पन्नास हजार भरा, नाही तर गेली." ही भाषा आपण ओळखतो. खेडा खरेदीला दारात आलेला व्यापारी हीच बोलतो : उद्या भाव पडणार, आजच माल द्या. पण त्या व्यापाऱ्याशी आपण काट्यावरून भांडतो. कॉलेजच्या खिडकीपाशी मात्र आपली मान खाली जाते. आपण शिकलो नाही, आपल्याला यातले काय कळते, असे वाटते. लूट होते ती या वाटण्याची.

माझे म्हणणे एवढेच आहे. मालाचा उत्पादन खर्च मांडायला आपण चळवळीत शिकलो. तसाच लेकराच्या शिक्षणाचा खर्च मांडा, आणि तो लेकराला समोर बसवून मांडा.

मांडून पाहू. फी बाजूला ठेवा. समजा खोलीचे दोन हजार आणि मेसचे साडेतीन हजार, असे महिन्याला साडेपाच हजार लागले. दहा महिन्यांचे झाले ५५,००० रुपये. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. म्हणजे पावणेसात क्विंटल कापूस झाला नुसत्या राहण्या-जेवण्याचा, तोही हमीभाव हातात पडला तर. संकरित ज्वारीचा त्याच हंगामाचा हमीभाव ३,६९९ रुपये. त्या हिशेबाने जवळजवळ पंधरा क्विंटल ज्वारी. कोरडवाहू एकराला किती पिकते ते मी तुम्हाला सांगायची गरज नाही. यात एसटीचे भाडे, पुस्तके, परीक्षेची फी धरलेली नाही. हा हिशेब घरातल्या बाईलाही दाखवा. घर चालवते ती, आणि तिला आकडा कळतो शेवटी.

आता हक्काच्या गोष्टी. व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधूनच घ्या. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतल्या मुलींचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क सरकारने भरायचे आहे. पण दलालाने मिळवून दिलेल्या व्यवस्थापन कोट्यातल्या जागेला हे लागू नाही. खाजगी आणि अभिमत विद्यापीठांनाही नाही. म्हणजे 'सोय करून देतो' म्हणणारा आधी तुमच्या मुलीची माफी घालवतो आणि वर कमिशन घेतो.

ठरलेल्या फीवर देणगी मागणे १९८७ च्या राज्य कायद्याने गुन्हा आहे. मूळ टीसी आणि गुणपत्रिका अडकवून ठेवायला विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच मनाई केली आहे. तपासायच्या आणि परत द्यायच्या. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकेने तारण मागायचे नाही. सातबारा गहाण टाका असे कोणी म्हणाले तर लेखी मागा. अल्पभूधारकाच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, अर्ज महाडीबीटीवर करायचा. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रिमिलेअर, जात पडताळणी ही कागदे एप्रिल-मेमध्येच काढून ठेवा. जूनमध्ये सेतूवर रांग लागते, आणि रांग लागली की तिथेही दलाल उभा राहतो.

एवढे केले म्हणजे काम संपले असे नाही. खरी अडचण लेकरू गेल्यावर सुरू होते. आमच्या गावातल्या एका बापाने जोडीतला बैल विकून पोराची फी भरली. मराठी शाळेत पहिला येणारा पोरगा. तिथे सगळे इंग्रजीत. पहिल्या सत्रात तीन विषय राहिले. प्रत्येक फोनवर बाप म्हणायचा, "तुझ्यासाठी बैल विकला, ध्यानात ठेव." पोराने ध्यानात ठेवले आणि निकाल लपवला. दुसऱ्या सत्राच्या परीक्षेला तो बसलाच नाही. घरी कळले तेव्हा वर्ष गेले होते. बाप मला म्हणाला, "बैलाचं दुःख नाही. पोरगं मला भ्यालं, त्याचं आहे."

हिशेब दाखवणे वेगळे आणि ओझे लादणे वेगळे. घरची परिस्थिती लेकराला एकदा खरी सांगा, मग रोज ऐकवू नका. फोनवर आधी जेवलास का विचारा, मग वर्गात कळते का विचारा. विषय राहिला तर ओरडू नका. पहिला पाऊस दगा देतो तेव्हा आपण दुबार पेरणी करतो. शेत टाकून देत नाही. कोणी रॅगिंग करत असेल तर १९९९ पासून राज्यात त्याविरुद्ध कायदा आहे, आणि १८००-१८०-५५२२ या क्रमांकावर तक्रार घेतात. हा क्रमांक लेकराच्या वहीत लिहून द्या.

आणि सरकारला एक सांगायचे आहे. एकाधिकार खरेदीच्या काळात कापसाचे चुकारे थकत, तसे आज शिष्यवृत्तीचे हप्ते थकतात. फी जूनमध्ये मागायची आणि हप्ता वर्ष उलटताना द्यायचा, याला मदत म्हणत नाहीत. खरे तर आमच्या मालाला खर्चावर आधारलेला भाव मिळाला असता तर लेकराच्या फीसाठी आम्हाला कोणाच्या दारात उभे राहावे लागले नसते. शिक्षणाचा प्रश्नही शेवटी भावाचाच प्रश्न आहे.

पण भाव मिळेपर्यंत लेकरे थांबत नाहीत. म्हणून या मेळाव्यात ठराव करू : दरवर्षी मे महिन्यात प्रत्येक तालुका शाखेने आठवडी बाजारात एक टेबल मांडावे. कॉलेजात शिकत असलेली आपलीच चार पोरे-पोरी तिथे बसतील, कागद तपासतील, अर्ज भरून देतील, पैसा घेणार नाहीत. दलालाचा धंदा बंद करायला एवढे पुरे आहे.

मेळाव्याला येताना बारावीच्या लेकराला सोबत आणा. हिशेब त्यानेही ऐकावा.