रस्ता हीच घुसखोरी

नॉर्थ सेंटिनेल बेटावर उतरून किनाऱ्यावर शीतपेयाचा डबा आणि नारळ ठेवून परतलेल्या अमेरिकी तरुणाला अंदमान पोलिसांनी 2025 च्या मार्चअखेर गजाआड केले, हे योग्यच झाले. बाहेरच्या रोगांशी ज्यांच्या शरीराची कधी गाठ पडलेली नाही, अशा सेंटिनेली माणसांच्या दारात केवळ थरारासाठी जाणे हा गुन्हा आहे आणि त्याला गुन्ह्यासारखीच वागणूक मिळायला हवी. 2018 मध्ये याच बेटावर एका अमेरिकी धर्मप्रसारकाचा जीव गेला, त्याला तिथवर नेणाऱ्या मच्छीमारांना अटक झाली, तेव्हाही कायद्याने आपले काम केले. प्रश्न एकट्यादुकट्या घुसखोराचा नाहीच. त्याला हुडकून बाहेर काढणे सोपे असते. याच अंदमानात, आदिवासींच्या संरक्षणासाठी 1956 मध्ये केलेल्या नियमावलीखाली राखून ठेवलेल्या जारवा आदिवासींच्या जंगलातून रोज पर्यटकांच्या गाड्यांचे ताफे जातात, तेही पोलीस बंदोबस्तात. त्या घुसखोरीला बाहेर कोण काढणार?

ही नियमावली मुळात कडक आहे. राखीव क्षेत्रात परवान्याशिवाय पाऊल टाकता येत नाही, तिथल्या जमिनीत बाहेरच्याला हितसंबंध निर्माण करता येत नाहीत आणि नियम मोडणाऱ्याला हुसकावून लावता येते. 2012 मध्ये तर काही गुन्ह्यांसाठी तुरुंगवास सात वर्षांपर्यंत वाढवण्यात आला आणि राखीव क्षेत्राच्या कडेने पाच किलोमीटरपर्यंतच्या पट्ट्यात व्यावसायिक उद्योगांना आळा घालण्याची सोय करण्यात आली. या दुरुस्तीचे निमित्त त्याच वर्षी जगभर पोहोचलेल्या एका चित्रफितीचे होते. खाऊच्या बदल्यात जारवा मुलींना पर्यटकांसमोर नाचवले जात असल्याचे दृश्य तिच्यात होते. संताप झाला, कलमे कडक झाली. पण ज्या रस्त्याने ते पर्यटक तिथे पोहोचले, तो अंदमान ट्रंक रोड तसाच राहिला. आज तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 4 म्हणून ओळखला जातो. शिकारी, मच्छीमार, वाट चुकलेले परदेशी तरुण यांच्यासाठी कायदा आणि सरकारी डांबरासाठी सूट, असा हा न्याय आहे.

जारवांनी या रस्त्याला संमती दिली नव्हती. सत्तरच्या दशकात काम सुरू झाले तेव्हा त्यांनी बाण चालवून विरोध केला आणि सरकारने रस्त्याच्या रक्षणासाठी सशस्त्र पोलीस बसवले. पुढे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस जारवा बाहेरच्यांच्या वस्त्यांकडे येऊ लागले आणि 1999 मध्ये त्यांच्यात गोवराची साथ पसरली, 2006 मध्ये पुन्हा. 2011 च्या जनगणनेत त्यांची संख्या 380 होती. इतक्या छोट्या समाजात एखादी साथ सगळे घराणेच पुसून टाकू शकते. ग्रेट अंदमानी लोकांचे नेमके हेच झाले: इंग्रज आले तेव्हा काही हजार असलेला हा समाज 2011 मध्ये 44 माणसांवर आला होता. हा इतिहास प्रशासनाला ठाऊक नाही असे कोणी म्हणू शकत नाही.

न्यायालयानेही आपले सांगून झाले आहे. पुण्याची कल्पवृक्ष, मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी आणि अंदमानातली ‘सेन’ या संस्थांनी लढा दिला, शेखर सिंग आयोगाने पाहणी केली आणि 7 मे 2002 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जारवा राखीव क्षेत्रालगतचा रस्ता बंद करण्याचा आदेश दिला. आदेशाला दोन दशके उलटून गेली, रस्ता सुरूच आहे. 2013 च्या सुरुवातीला न्यायालयाने पर्यटकांना काही आठवडे रोखले. ती बंदी उठली आणि ताफे पुन्हा निघाले. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचा आदेश वीस वर्षांहून अधिक काळ धाब्यावर बसवणारे प्रशासन एका तरुणाला नियमांचे पावित्र्य शिकवते, तेव्हा त्या शिकवणीला वजन राहत नाही.

रस्त्याच्या बाजूने मांडला जाणारा मुख्य युक्तिवाद मध्य आणि उत्तर अंदमानात वसलेल्या लोकांचा आहे. रुग्ण, धान्य, विद्यार्थी यांची ये-जा कशी व्हायची? प्रश्न खरा आहे. पण बाराटांग बेटावरची चुनखडीची गुहा आणि चिखलाचा ज्वालामुखी पाहायला निघालेली सहल ही रुग्णवाहिका नव्हे. सेल्युलर जेलला माथा टेकवायला जाणाऱ्या हजारो मराठी कुटुंबांच्या सहलीत ही बाराटांगची फेरी असते आणि ती या राखीव जंगलातूनच जाते. आपल्या सहल कंपन्यांनी ती कार्यक्रमातून काढायला न्यायालयाच्या आणखी एका आदेशाची वाट पाहू नये. बेटांवर समुद्र हाच जुना आणि नैसर्गिक मार्ग आहे. तिथे पुरेशा बोटी चालवणे सरकारला अशक्य नाही. दुसरा आक्षेप असा, की जारवांनी कायम जंगलातच राहावे हे आपण कोण ठरवणार? अगदी बरोबर, आपण ठरवूच नये. मात्र रोज दारातून वाहतूक नेऊन, बिस्किटे आणि तंबाखू हाती ठेवून जे ‘बाहेर येणे’ घडवले जाते, त्याला त्यांची निवड म्हणणे ही फसवणूक आहे.

हीच वृत्ती आता ग्रेट निकोबारवर मोठ्या प्रमाणात दिसते. तिथे बंदर, विमानतळ आणि शहर उभारण्यासाठी आदिवासींच्या राखीव क्षेत्रातील 84.10 चौरस किलोमीटर जमीन राखीव यादीतून वगळण्यात येत आहे. निकोबारी आदिवासी परिषदेने 2022 च्या ऑगस्टमध्ये दिलेले ना-हरकत पत्र नोव्हेंबरमध्येच मागे घेतले, तरी प्रकल्प थांबलेला नाही. 2011 मध्ये केवळ 229 असलेल्या शोंपेन लोकांच्या जंगलाला हा प्रकल्प भिडतो. राखीव जमिनीवर घुसायचे असेल तर सामान्य माणसाला परवाना लागतो. सरकारला घुसायचे असेल तेव्हा ते जमिनीचे ‘राखीव’पणच रद्द करते. सेंटिनेली, जारवा, शोंपेन यांच्या मतांना निवडणुकीत वजन नाही, त्यांचे शिष्टमंडळ दिल्लीत येत नाही, म्हणूनच हे घडू शकते.

केंद्रीय गृहमंत्रालयाने 2002 च्या आदेशाची अंमलबजावणी कधी आणि कशी होणार याचे वेळापत्रक न्यायालयात सादर करावे. तोवर पर्यटकांच्या एकाही गाडीला राखीव जंगलाच्या तोंडाशी असलेल्या जिरकाटांगच्या फाटकातून आत सोडू नये. बाराटांगला ज्यांना जायचे आहे त्यांनी बोटीने जावे.