गळ आधी कोणी गुंडाळावा?

ज्या जिवाचा वंशच धोक्यात आला आहे, त्याच्याशी केवळ आनंदासाठी झुंज घेण्याचा अधिकार माणसाला आहे काय? उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील नद्यांकाठी हा प्रश्न गेली अनेक वर्षे विचारला जात आहे. वादाचा विषय आहे स्टीलहेड नावाचा मासा. हौशी मासेमारांच्या आपसातील हा वाद इथल्या कार्यकर्त्याला दूरचा वाटेल. परंतु टंचाई आली की पहिला त्याग कोणी करायचा, हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे आणि तो कार्यकर्त्याच्या चांगल्या परिचयाचा आहे.

स्टीलहेड म्हणजे समुद्रात जाणारा रेनबो ट्राउट. नदीच्या थंड, वाहत्या पाण्यात तो जन्मतो, तेथे काही काळ वाढून समुद्र गाठतो आणि पुढे अंडी घालण्यासाठी नदीत परततो. पॅसिफिक सॅमन एकदा अंडी घातली की मरतो. स्टीलहेडपैकी काही मात्र पुन्हा समुद्रात जातात आणि पुन्हा येतात. वॉशिंग्टन राज्याने १९६९ मध्ये त्याला राज्याचा मासा म्हणून मान दिला. त्याच राज्यातील प्युजेट साउंड परिसरातील स्टीलहेडला २००७ मध्ये संघराज्याच्या कायद्याखाली संकटग्रस्त जाहीर करावे लागले. स्नेक नदीतील स्टीलहेडवर ही पाळी १९९७ मध्येच आली होती. कॅनडातील थॉम्पसन आणि चिलकोटिन या नद्यांत अनुक्रमे १७७ आणि ५८ मासेच अंडी घालण्यास उरतील, असा तज्ज्ञ समितीचा २०१८ मधील अंदाज होता. तरीही तेथील संघीय सरकारने २०१९ मध्ये या माशांना कायद्याचे संरक्षण नाकारले.

या माशामागे लागणारा हौशी मासेमार पिसे, लोकर आणि दोरा यांची कृत्रिम माशी बांधतो. फ्लाय फिशिंग नावाच्या या कलेचे काही संकेत आहेत. रानटी मासा मारायचा नाही, गळाला उलटा काटा ठेवायचा नाही, पकडलेला मासा पाण्याबाहेर न काढता सोडून द्यायचा. पाणी थंड असेल आणि हाताळणी नीट झाली, तर असे सोडलेले बहुतेक मासे जगतात. मरणाऱ्यांचे प्रमाण सामान्यतः शंभरात दहाहून कमी धरले जाते. परंतु पाणी तापले की हा हिशेब बिघडतो. छायाचित्रासाठी मासा हवेत धरला तरी बिघडतो. शिवाय तोच मासा एका मोसमात एकाहून अधिक वेळा गळाला लागू शकतो. हजारो मासे असलेल्या नदीला अशी झीज सोसते. दोनशे माशांच्या नदीत दहा मासे दगावले, तर ती पुढच्या पिढीची लूट ठरते.

हौशी मासेमारांची बाजू पोकळ नाही. स्टीलहेडचा खरा शत्रू धरण आहे, असे ते म्हणतात, आणि ते खरे आहे. आयडाहोतून निघालेल्या पिलाला समुद्र गाठण्यासाठी स्नेक आणि कोलंबिया या नद्यांवरील आठ धरणे ओलांडावी लागतात. परतीच्या वाटेवरही तीच आठ. ग्रँड कूली धरणाला तर मासे वर चढण्याचा मार्गच ठेवला नाही. मत्स्यपैदास केंद्रांतील माशांच्या संकराने रानटी वंश दुबळा होतो, समुद्राचे तापमान वाढते आहे. मग गळाच्या नखाएवढ्या जखमेचा बाऊ कशाला? त्यांचा दुसरा युक्तिवाद अधिक वजनदार आहे. नदीवर प्रेम करणारी माणसे नदीकाठावरून उठली, तर तिच्यासाठी बोलणार कोण?

पहिल्या युक्तिवादाला उत्तर असे की, मोठा अपराधी मोकळा आहे म्हणून लहान इजा निर्दोष ठरत नाही. उलट धरणांनी माशांची संख्या इतकी घटवली आहे, म्हणूनच लहान इजाही आज जड झाली आहे. दुसऱ्या युक्तिवादाची परीक्षा मात्र इतिहासाच्या आधारे करावी लागते.

वॉशिंग्टनमधील आदिवासी जमातींनी १८५४-५५ च्या तहांत आपली भूमी दिली आणि परंपरागत ठिकाणी मासे धरण्याचा हक्क राखून ठेवला. तो हक्क बजावला म्हणून त्यांना तुरुंगात घालण्यात आले. निस्क्वाली जमातीचे नेते बिली फ्रँक यांना पहिली अटक १९४५ मध्ये झाली, तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. १९७४ मध्ये न्यायमूर्ती जॉर्ज बोल्ट यांनी, धरता येण्याजोग्या माशांपैकी निम्म्यांवर जमातींचा हक्क आहे, असा निर्णय दिला, आणि १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मुख्यतः कायम केला. त्या निर्णयावर सर्वाधिक संतापलेल्यांत स्टीलहेडचे हौशी मासेमार होते. आदिवासींच्या जाळ्यांनी मासा संपतो, अशी त्यांची ओरड होती. जमातींचे विशेष हक्क संपवावेत आणि स्टीलहेडचा व्यापार बंद करावा, या मागणीचा ठराव राज्याच्या मतदारांनी १९८४ मध्ये मंजूरही केला. संघराज्याच्या तहांपुढे तो निष्प्रभ ठरला.

दुसऱ्याला जाळे उचलायला सांगणाऱ्याने स्वतःचा गळ आधी गुंडाळला पाहिजे. त्यागाचा क्रम न्यायाने लावायचा, तर मौज पहिली थांबते, उपजीविका आणि तहाचा हक्क त्यानंतर. एल्वा नदीवरील जमातीने तर याहून मोठा आदर्श घालून दिला. तेथील दोन धरणे २०११ ते २०१४ या काळात पाडण्यात आली. नदी सावरावी म्हणून जमातीने स्वतःची मासेमारीही थांबवली आणि २०२३ मध्ये कोहो सॅमनपुरती, तीही मर्यादित प्रमाणात, ती पुन्हा सुरू केली. दरम्यान, उन्हाळ्यात परतणारा स्टीलहेड एल्वात पुन्हा दिसू लागला. सुमारे शंभर वर्षे धरणामागे अडकलेल्या ट्राउटच्या वंशात समुद्राची ओढ टिकून राहिली होती.

हौशी मासेमारांतही विवेक जागा आहे. काहींनी गळाचे टोकच मोडून टाकले. मासा माशीवर झडप घालतो, तेवढ्यावर ते समाधान मानतात. ओरेगन राज्याने २०२१ मध्ये मासे फारच कमी परतले म्हणून नॉर्थ अम्पक्वा नदी काही महिने बंद ठेवली. अशा बंदीचा भार वाटाड्यांवर आणि लहान गावांतील खाणावळींवर पडतो, हे विसरता कामा नये. नदीचे रक्षण सार्वजनिक हिताचे असेल, तर त्यांची भरपाईही सार्वजनिक तिजोरीतून व्हावी.

यातून नियम स्पष्ट होतो. वंश टिकण्यापुरते मासे परतत नसतील, तेथे मौजेसाठी एकही गळ पडू नये. मासे पुरेसे असतील, तेथे संयमाने खेळावे. पण गळ गुंडाळून घरी बसणे हा या प्रश्नाचा अर्धाच भाग. स्नेकवरील चार धरणे हटवण्याची शक्यता खुली करणारा करार डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकन सरकारने जमाती आणि राज्ये यांच्याशी केला होता. जून २०२५ मध्ये नव्या राजवटीने तो मोडीत काढला. क्लॅमथ नदीवरील चार धरणे २०२४ पर्यंत पाडली गेली, ती जमातींच्या दीर्घ लढ्यामुळे. नदीसाठी आपणच बोलतो, असा दावा करणाऱ्या हौशी मासेमारांना आपला शब्द खरा करण्याची जागा तेथे आहे. जमातींच्या शेजारी, धरणांच्या विरोधात, हातात गळ नसतानाही ते उभे राहतात की नाही, यावरच त्यांच्या नदीप्रेमाचे मोल ठरेल.