नाण्यांचे पाठभेद

नाणी जमवण्याच्या छंदाकडे आपल्या साहित्यिक वर्तुळात फारशा आदराने पाहिले जात नाही. पोस्टाची तिकिटे, काडेपेट्यांची चित्रे आणि नाणी ही शाळकरी वयातली खुळे, मिसरूड फुटले की ती सुटावीत, अशी एक समजूत आहे. शिवराई किंवा सातवाहनांची नाणी जमवणाऱ्याला निदान इतिहासाचा टिळा लागतो. आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने निघालेली स्मारक-नाणी जमवणारा मात्र निव्वळ हौशी ठरतो. माझे मत वेगळे आहे. ही नाणी म्हणजे संहिता आहेत. त्या बारकाईने वाचण्याची संग्राहकाची शिस्त साहित्याच्या विद्यार्थ्याने जरूर उचलावी. आणि संग्राहक जिथे वाचायचा थांबतो तिथून पुढे आपण वाचत राहावे.

खेळ आणि नाणे यांचे नाते जुने आहे. इ. स. पू. ३५६ मध्ये ऑलिंपियाच्या शर्यतीत मॅसिडोनियाच्या दुसऱ्या फिलिपचा घोडा जिंकला आणि पुढे त्याच्या चांदीच्या नाण्यांवर घोडेस्वार अवतरला. धावला घोडा, घाम गाळला स्वाराने, नाव मात्र राजाचे. स्मारक-नाण्याचा हा मूळ स्वभाव अडीच हजार वर्षांत फारसा बदललेला नाही. आधुनिक ऑलिंपिकच्या नाण्यांची परंपरा सुरू झाली ती १९५२ च्या हेलसिंकी स्पर्धेपासून. फिनलंडने तेव्हा पाचशे मार्काचे चांदीचे नाणे काढले. त्यातल्या काहींवर १९५१ साल आहे, बहुतेकांवर १९५२. पहिली संख्येने फार थोडी, म्हणून महाग. एका आकड्याने नाण्याची किंमत बदलते, हे संग्राहकाला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते.

पाठचिकित्सेचा तास घेताना भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा उल्लेख करावा लागतो. पाठभेद म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांना पोथीवरून समजावताना बराच खटाटोप होतो. त्याऐवजी १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकचे दहा मार्कांचे नाणे हातात द्यावे. पश्चिम जर्मनीने हे नाणे स्पर्धेच्या दोन वर्षे आधीच चलनात आणले. त्याच्या पहिल्या आवृत्तीच्या मजकुरात हे खेळ ‘जर्मनीत’ होत आहेत असे म्हटले होते. जर्मनी तेव्हा दोन होत्या. पूर्व जर्मनीने हरकत घेतली, आणि पुढच्या आवृत्तीत ‘जर्मनीत’ जाऊन तिथे ‘म्युनिकमध्ये’ आले. चित्र तेच, धातू तोच, किंमत तीच. एक स्थलनाम बदलले आणि त्या एका शब्दात फाळणी झालेल्या देशाचे सारे दुखणे उघडे पडले. संपादकाच्या लाल शाईमागे सत्ताकारण कसे उभे असते, याचे याहून सुटसुटीत उदाहरण मला माहीत नाही.

दुसरा पाठभेद लेखनिकाच्या प्रमादाचा. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकसाठी सोव्हिएत संघाने एक रूबलची नाणी काढली. त्यांपैकी १९७८ सालच्या नाण्यावर क्रेमलिन आहे आणि मनोऱ्यावर घड्याळ आहे. काही नाण्यांत त्या घड्याळाच्या तबकडीवर चारच्या जागी सहाचा रोमन आकडा पडला आहे. उभी रेघ डावीकडची उजवीकडे गेली, एवढेच. अफगाणिस्तानातील सोव्हिएत फौजांच्या निषेधार्थ अमेरिकेने आणि इतर अनेक देशांनी त्या स्पर्धेवर बहिष्कार घातला. त्याच मैदानात भारताने हॉकीचे सुवर्णपदक मिळवले. नाण्यावर यातले काहीच नाही. ते असणे शक्यही नव्हते. पण संग्राहकाची सूची घड्याळाची चूक नोंदवते आणि बहिष्काराची नोंद करत नाही. माझी तक्रार आहे ती इथे.

ती नीट कळावी म्हणून घरच्या नाण्याकडे येतो. १९८२ साली दिल्लीत नववी आशियाई क्रीडास्पर्धा झाली. त्या निमित्ताने निघालेल्या नाण्यांत शंभर रुपयांचे चांदीमिश्रित नाणे होते, तशी पंचवीस पैशांची साधी पावलीही होती. तिच्यावर जंतरमंतरची आकृती असलेले स्पर्धेचे बोधचिन्ह आहे. वडिलांच्या पत्र्याच्या डब्यात अशी एक पावली मला सापडली. काही वर्षांपूर्वी ती एका नाणी-विक्रेत्याला दाखवली. भिंग न लावताच त्याने ती परत सरकवली आणि म्हणाला, “झिजलेली आहे. हाताळलेल्या नाण्याला भाव नसतो, सर.”

त्याच्या धंद्याच्या दृष्टीने ते खरेच होते. पण त्या स्पर्धेची मैदाने ज्यांनी उभी केली, त्यांची हकीकत सर्वोच्च न्यायालयाच्या १८ सप्टेंबर १९८२ च्या एका निकालपत्रात आहे. ‘पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स’ या संघटनेने न्यायमूर्ती भगवती यांना लिहिलेले पत्रच न्यायालयाने याचिका म्हणून स्वीकारले होते. मजुरांचे किमान वेतन दिवसाला ९ रुपये २५ पैसे होते. जमादार, म्हणजे आपल्याकडचे मुकादम, माणशी एक रुपया दलाली कापून घेत आणि मजुराच्या हाती ८ रुपये २५ पैसे पडत. किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात काम करून घेणे ही संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने निषिद्ध ठरवलेली वेठबिगारीच होय, असे न्यायालयाने सांगितले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १९ नोव्हेंबरला, स्पर्धेचे थाटात उद्घाटन झाले.

या दोन्ही आकड्यांच्या शेवटी पावली आहे. मधून गहाळ झाला आहे तो एक रुपया. त्या रुपयाचे स्मारक-नाणे कोणी पाडले नाही.

यावर कोणी म्हणेल की नाण्याच्या इंचभर जागेत सरकारने आपली लाज कोरावी, ही अपेक्षाच भाबडी आहे. मान्य. टांकसाळीकडून मला ती अपेक्षा नाहीच. स्मारक ही नेहमीच स्मारक उभारणाऱ्याची निवड असते. माझी अपेक्षा संग्राहकाकडून आहे, कारण टांकसाळीची खूण ओळखण्याइतकी तीक्ष्ण नजर त्याच्याकडे असते. सालाखाली हिरकणीचा आकार दिसला की तो ‘मुंबई’ म्हणून मोकळा होतो. तीच नजर त्याने नाण्याच्या काठाबाहेर न्यावी, आणि आपल्या वहीत नाण्याचे वजन, धातू व टांकसाळ यांच्या शेजारी आणखी एक रकाना आखावा: या नाण्याने काय सांगितले नाही?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आज अशी बरीच नाणी चलनासाठी निघतच नाहीत. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकसाठी कॅनडाने चांदीचीच अठ्ठावीस नाणी काढली. मखमली डबीतून निघालेले नाणे दुसऱ्या मखमली डबीत जाते. त्याने कधी भाजी आणलेली नसते. अशा नाण्याला वाचक नसतो, मालक असतो. तेव्हा स्मृतीच्या नावाने चालणारा हा व्यापारच नव्हे काय? बऱ्याच अंशी आहे. म्हणूनच माझा आग्रह झिजलेल्या नाण्यासाठी आहे. जे नाणे बसच्या तिकिटात, चहाच्या टपरीवर, देवळाच्या ताटात फिरले, त्याच्यावरचा सरकारी मजकूर लोकांच्या बोटांनी पुसट केलेला असतो. तो पुसटपणा हाही एक पाठ आहे.

३० जून २०११ रोजी पावली चलनातून अधिकृतपणे बाद झाली. माझ्या टेबलावरच्या पावलीने आता काहीही विकत घेता येत नाही आणि विक्रेत्याच्या लेखी ती विकण्याजोगीही नाही. दर वर्षी पाठचिकित्सेच्या पहिल्या तासाला मी ती वर्गात फिरवतो आणि सोबत निकालपत्रातला तो हिशेब फळ्यावर लिहितो. पावली शेवटच्या बाकापर्यंत जाऊन परत येते. तेवढ्या वेळात वर्गातले कोणी ना कोणी विचारतेच, “सर, मग तो एक रुपया त्यांना परत मिळाला का?”

अभ्यासक्रमातला कुठलाही पाठभेद शिकवताना मला इतका चांगला प्रश्न विचारला गेलेला नाही.