खेळाडूंचे प्रवेश आणि गुणवत्तेची अट



अमेरिकेतील आयव्ही लीग विद्यापीठे खेळाडूंना घेताना अभ्यासातील गुणवत्ता गुंडाळून ठेवतात, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे विधान वस्तुस्थितीला धरून नाही. या आठ विद्यापीठांत क्रीडा शिष्यवृत्ती नाही आणि प्रवेश देण्याचा अधिकारही प्रशिक्षकाकडे नसतो. त्याने सुचवलेल्या नावांचा ‘अकॅडेमिक इंडेक्स’, म्हणजे शालेय गुण व एसएटीसारख्या चाचणीचे गुण एकत्र करून काढलेला निर्देशांक, पाहूनच प्रवेश कार्यालय निर्णय घेते.

आक्षेप घ्यायचा तो वेगळ्याच जागी. यांपैकीच एक असलेल्या हार्वर्डच्या प्रवेशपद्धतीविरुद्धच्या खटल्यात पुढे आलेल्या आकडेवारीनुसार प्रशिक्षकांनी निवडलेल्या खेळाडूंपैकी सुमारे ८६ टक्क्यांना प्रवेश मिळत होता, तर सर्वसाधारण अर्जदारांत हे प्रमाण दहा टक्क्यांच्याही आत होते. बास्केटबॉलमुळे काही गरीब मुलांना दार उघडते हे खरे. परंतु वल्हवणे, तलवारबाजी, स्क्वॉश या खेळांसाठी लहानपणापासून खासगी प्रशिक्षण, साहित्य आणि स्पर्धांचा प्रवास परवडावा लागतो, त्यामुळे ही सवलत बहुधा सुस्थितीतील घरांतच पोहोचते. अमेरिकेतील महाविद्यालयीन प्रवेशांच्या २०१९ मध्ये उघड झालेल्या गैरव्यवहारात तर वल्हवण्याच्या व्यायामयंत्रावर बसवून काढलेली छायाचित्रे जोडून, कधीही स्पर्धेत न उतरलेल्या मुली खेळाडू म्हणून दाखवल्या गेल्या आणि त्यासाठी पालकांनी लाखो डॉलर मोजले.

तेव्हा प्रत्येक संघासाठी किती जागा राखल्या जातात आणि त्या कोणत्या आर्थिक स्तरातील मुलांना मिळतात, हे या विद्यापीठांनी दरवर्षी जाहीर केलेच पाहिजे.