वकीलसाहेब, भाषण नको. तारखेला उभे राहा

१४ एप्रिल जवळ आला की जयंती मंडळांना वक्ता म्हणून वकील हवा असतो. वकीलही आनंदाने येतात. संविधानावर तासभर बोलतात, कलम १४, १५, १७ समजावतात, टाळ्या घेतात. त्याच वस्तीतल्या एखाद्या घराची ॲट्रॉसिटीची केस जिल्हा न्यायालयात पडून असते आणि तिच्या तारखेला फिर्यादी एकटाच व्हरांड्यात उभा असतो. आज तालुक्याच्या कोर्टातही आपली मुलेमुली काळ्या कोटात दिसतात. तरी गरजेच्या दिवशी वकील मिळत नाही, कारण आपण वकिलांकडे वक्ता म्हणून पाहतो आणि वकीलही समाजकार्य म्हणजे भाषण असे धरून चालतात. हे दोन्ही बदलायला हवे. वकिलाने समाजाला द्यायची गोष्ट म्हणजे त्याचे कामाचे तास. तेही ठरवून, नियमित आणि एखादे प्रकरण तडीस जाईपर्यंत.

बाबासाहेबांचेच उदाहरण घ्या. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचे पाणी हातात घेतले, हे आपल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. पुढच्या दहा वर्षांबद्दल आपण फारसे बोलत नाही. डिसेंबर १९२७ मध्ये सनातन्यांनी महाडच्या कोर्टात दावा लावला आणि मनाई हुकूम मिळवला. त्यामुळे २५ डिसेंबरच्या परिषदेला जमलेल्या हजारो लोकांना तळ्यावर जाण्याचा बेत थांबवावा लागला. महाडच्या कोर्टाचा निकाल १९३१ मध्ये लागला, ठाण्याचे अपील १९३३ मध्ये निकाली निघाले आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ ला आला. मधल्या काळात गोलमेज परिषदा झाल्या, काळारामचा सत्याग्रह झाला, पुणे करार झाला, स्वतंत्र मजूर पक्ष निघाला. इतक्या धामधुमीतही महाडच्या दाव्याचा पाठपुरावा सुटला नाही. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची अनादी काळापासूनची रूढी असल्याचे सनातन्यांना सिद्ध करता आले नाही, म्हणून ते हरले. रस्त्यावर घेतलेला हक्क कोर्टात टिकवायला दहा वर्षे लागली.

आता आपल्या काळाकडे या. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. महाराष्ट्र पेटला, हजारो तरुणांनी लाठ्या खाल्ल्या, गुन्हे अंगावर घेतले. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये आरोपींना दोषी ठरवले, पण ॲट्रॉसिटी कायदा लागू होत नाही असे म्हटले. २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशीच्या शिक्षा २५ वर्षांच्या कैदेत बदलल्या, आणि जातीचा मुद्दा तिथेही उभा राहिला नाही. जो अत्याचार अख्ख्या देशाने जातीय म्हणून ओळखला, तो न्यायालयाच्या कागदावर जातीय ठरला नाही. खर्ड्याचा नितीन आगे २८ एप्रिल २०१४ ला मारला गेला. खटल्यात साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. मोर्चे दोन्ही वेळा निघाले होते. मोर्चा गुन्हा नोंदवायला भाग पाडतो, त्याचे महत्त्व मी कमी करत नाही. पण साक्षीदाराच्या पाठीशी तीन वर्षे उभे राहणे मोर्चाच्या हातचे काम नाही.

कायदा आपल्याला इथे मोठी जागा देतो. २०१५ ची दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली आणि ॲट्रॉसिटी कायद्यात कलम १५ए आले. त्यानुसार जामीन, दोषमुक्ती, पॅरोल, शिक्षा अशा प्रत्येक टप्प्यावर पीडिताला आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आहे आणि सुनावणीची सूचना वेळेवर मिळण्याचाही हक्क आहे. ही सूचना व सुनावणी ऐच्छिक नाही, बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हरिराम भांभी प्रकरणात सांगितले आणि या कारणावरून जामीन रद्दही केला. प्रत्यक्षात अनेक फिर्यादींना आरोपीचा जामीन झाल्याचे कळते ते आरोपी गावात परत दिसल्यावर. १५ए चा एक साधा अर्ज वेळेत दाखल करणारा वकील असेल, तर हे टळते.

त्याआधीचा टप्पा आणखी महत्त्वाचा आहे. फिर्याद लिहिली जाते त्या रात्री खटल्याचा पाया पडतो. शिवीगाळ लोकांसमोर झाली का, कोण कोण हजर होते, आरोपी या घराला आधीपासून ओळखत होता का, हे पहिल्याच जबाबात यायला हवे. आरोपी पीडिताला किंवा त्याच्या कुटुंबाला ओळखत असेल तर त्याला जात माहीत होती असे न्यायालयाने गृहीत धरायचे, ही तरतूद कलम ८ मध्ये आहे. पण ओळखीचा उल्लेखच फिर्यादीत नसेल तर तिचा उपयोग काय? ठाण्यात भेदरलेल्या माणसाशेजारी त्या रात्री कायदा जाणणारा कुणी बसला, तर पुढची पाच वर्षे वाचतात. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा, ६० दिवसांत दोषारोपपत्र दाखल व्हायचे, मदतीचा पहिला हप्ता वेळेत मिळायचा, जिल्हा दक्षता समितीची बैठक दर तीन महिन्यांनी व्हायची. हे सगळे नियमांत आहे. त्याची आठवण करून देणारे पत्र लिहायला तासभर लागतो. गावाने दबावासाठी टाकलेली उलट फिर्याद हाताळायलाही वकीलच लागतो.

दुसरे क्षेत्र शिक्षणाचे. इथे रक्त सांडत नाही, म्हणून चळवळीचे लक्ष कमी जाते. नुकसान मात्र पिढीचे होते. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १२(१)(सी) नुसार खासगी शाळांत २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला या जागांतून सूट मिळाली. म्हणजे वस्तीतल्या पोराने पुन्हा वस्तीच्याच शाळेत जायचे. पालक आणि संघटना न्यायालयात गेल्या. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ ला तो बदल रद्द केला. एका याचिकेने राज्यभरच्या मुलांचे दार पुन्हा उघडले.

पण सगळी प्रकरणे उच्च न्यायालयाची नसतात. महाडीबीटीवर अर्ज अडकला, शिष्यवृत्ती आली नाही, म्हणून महाविद्यालय दाखला आणि गुणपत्रिका अडवून ठेवते. मूळ कागदपत्रे अडवू नयेत, अशी युजीसीची सूचना २०१८ पासून आहे. वकिलाच्या लेटरहेडवर एक नोटीस गेली की बहुतेक प्राचार्यांना ती सूचना आठवते. जात पडताळणीचे तसेच. अनुसूचित जातीच्या अर्जदाराकडून १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. ज्याच्या आजोबाकडे ना जमीन होती ना शाळेचा दाखला, आणि जो पोट घेऊन मुंबईच्या झोपडपट्टीत आला, त्याने हा पुरावा आणायचा कुठून? नातेवाइकांची वैधता, गावचे जुने दप्तर, गृहचौकशीची मागणी हे मार्ग आहेत. पण ते मुलाला कुणी सांगत नाही आणि प्रवेशाची मुदत निघून जाते.

मुदत हा आपल्या मुलांचा मोठा शत्रू आहे. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगर जिल्ह्यातील एका दलित मजुराच्या मुलाला आयआयटी धनबादची जागा मिळाली. १७,५०० रुपये वेळेत भरता आले नाहीत म्हणून ती गेली. तो अनुसूचित जाती आयोगाकडे गेला, झारखंडच्या विधी सेवा प्राधिकरणाकडे गेला, मद्रास उच्च न्यायालयात गेला. शेवटी ३० सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद १४२ वापरून त्याला प्रवेश दिला. २०२१ मध्ये आयआयटी मुंबईच्या प्रवेशाबाबतही असेच झाले होते. कार्डाने पैसे भरले गेले नाहीत, जागा हुकली, आणि सर्वोच्च न्यायालयाने ती परत दिली. ही दोन मुले दिल्लीपर्यंत पोहोचली. जी तालुक्याच्या बाहेर पोहोचली नाहीत, त्यांची नोंद कुठेच नाही.

यावर तरुण वकील मित्र एक रास्त प्रश्न विचारतात. "आम्ही पहिल्या पिढीतले. ना बापाचे ऑफिस, ना सिनियरची कृपा. खोलीचे भाडे निघत नाही. उच्चवर्णीय वकील फुकट काम केले की प्रो बोनो म्हणून गौरवला जातो, आम्ही केले की ते आमचे कर्तव्य?" प्रश्न खरा आहे. मी फुकट राबा असे म्हणत नाही. आधी राज्याकडून वसूल करा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि त्या वकिलाचे मानधन शासन देते. या पॅनेलवर आपले किती वकील अर्ज करतात? ॲट्रॉसिटी नियम ४(५) नुसार पीडिताच्या इच्छेने जिल्हाधिकारी नामवंत वकील नेमू शकतात, त्याची फी शासनाची. ही मागणी आपण किती प्रकरणांत लेखी केली? आणि डीजेवर होणाऱ्या खर्चाचा एक भाग केस निधीत टाकला, तर वकिलाचा प्रवास, झेरॉक्स आणि साक्षीदाराचा बुडालेला रोज भागतो.

म्हणजे जबाबदारी कार्यकर्त्यांचीही आहे. रात्री अकराला फोन करून "साहेब, लगेच या" म्हणायचे आणि नंतर दोन वर्षे तोंड दाखवायचे नाही, ही आपली सवय वकिलाला पळवून लावते. प्रत्येक प्रकरणाची फाइल, तारखांची वही आणि साक्षीदाराला कोर्टात नेणारा एक माणूस, एवढे आपण करू शकतो. कायद्याचे विद्यार्थी आणि समाजकार्य करणारे आपण विधी स्वयंसेवक म्हणून प्राधिकरणाकडे नाव देऊ शकतो. नाल्साची ती योजना २००९ पासून आहे. विधी महाविद्यालयात विधी सहाय्य केंद्र असणे बंधनकारक आहे. ते शिबिराच्या फोटोपुरते चालत असेल, तर विद्यार्थी संघटनांनी त्याचा हिशोब मागावा.

आणि हे काम फक्त बुद्धविहाराच्या भिंतीपर्यंत थांबू नये. मातंग वस्ती, पारध्यांचा पाल, भटक्या-विमुक्तांचे तांडे यांना वकील आपल्याहूनही दुर्मिळ आहे. केवळ आपल्यापुरता वकील म्हणजे आंबेडकरी वकील नव्हे.

वकील बंधू-भगिनींकडे मागणे नेमके आहे. महिन्यातले दोन अर्धे दिवस द्या. एक ठाणे-कोर्टासाठी, एक विद्यार्थ्यांच्या कागदपत्रांसाठी. वर्षाला एकच केस घ्या, पण निकालापर्यंत सोडू नका. आपल्या तालुक्यातल्या कार्यकर्त्याला आपला वार आणि वेळ आजच कळवा. व्याख्यानाचे निमंत्रण आम्ही नंतर देऊ.

जय भीम!