विश्लेषण : स्वस्त लेझर प्रिंटर महाग का पडतो? नेटवर्क प्रिंटर निवडताना काय पाहावे?

सनदी लेखापाल, वकील, दवाखाने, शिकवण्या, डीटीपीची दुकाने आणि आता घरातील कार्यालये… छपाई कमी झाली तरी लेझर प्रिंटर कुठूनही हटलेला नाही. उलट एकच प्रिंटर वाय-फायवर जोडून तीन-चार संगणक आणि मोबाइलवरून वापरण्याची पद्धत रुळली आहे. मात्र नेटवर्कवर आलेला प्रिंटर हा छोटा संगणकच असतो. त्यामुळे त्याची सुरक्षा, टोनरवरील निर्बंध आणि ड्रायव्हरचे भवितव्य हे प्रश्न आता छोट्या कार्यालयांपुढेही आहेत.

प्रिंटरची खरी किंमत कशी काढावी?

दुकानात दिसते ती यंत्राची किंमत. खर्च होतो तो पानामागे. मोनो लेझर प्रिंटरच्या टोनरमधून किती पाने निघतील, हे ‘आयएसओ/आयईसी १९७५२’ या मानकानुसार मोजले जाते. रंगीत यंत्रांसाठी १९७९८ हे मानक आहे. टोनरची किंमत भागिले पाने, हा पानामागचा पहिला खर्च. काही प्रिंटरमध्ये ड्रम वेगळा असतो, त्याचा हिशेब स्वतंत्र धरावा लागतो. नव्या यंत्रासोबत येणारे टोनर बहुतेकदा ‘स्टार्टर’ असते, म्हणजे त्यात पावडर कमी असते.

समजा, एका कार्यालयात महिन्याला एक हजार, म्हणजे तीन वर्षांत ३६ हजार पाने छापली जातात. पहिला प्रिंटर १४ हजार रुपयांचा आणि पानामागे खर्च अडीच रुपये. तीन वर्षांचा एकूण खर्च होतो १ लाख ४ हजार. दुसरा प्रिंटर २२ हजारांचा, टोनरचा खर्च पानामागे सव्वा रुपया आणि दर १२ हजार पानांनंतर पाच हजारांचा ड्रम. सोबतचा ड्रम संपल्यावर आणखी दोन घेतले, तरी एकूण खर्च ७७ हजारच होतो. सुरुवातीला वाचवलेले आठ हजार रुपये पुढे २७ हजारांना पडतात. महिन्याला ५० पानेच छापणाऱ्या घरात मात्र हेच गणित उलटते, तिथे स्वस्त यंत्र पुरते.

बाहेरचे टोनर चालेल का?

आपल्याकडे टोनर रिफिल करून देणारे कारागीर गल्लोगल्ली आहेत. पण अनेक काट्रिजवर आता चिप असते आणि प्रिंटरचे फर्मवेअर ती तपासते. एचपीच्या ‘डायनॅमिक सिक्युरिटी’ व्यवस्थेत मूळ कंपनीची चिप नसलेले काट्रिज नाकारले जाऊ शकते. आज चालणारे काट्रिज उद्याच्या फर्मवेअर अपडेटनंतर बंद पडू शकते. या निर्बंधांची माहिती ग्राहकांना नीट न दिल्याबद्दल इटलीच्या स्पर्धा नियामकाने डिसेंबर २०२० मध्ये एचपीला एक कोटी युरोचा दंड केला होता.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०१७ मध्ये लेक्समार्क प्रकरणात महत्त्वाचा निकाल दिला. काट्रिज एकदा विकले की त्यावरील पेटंटचा हक्क संपतो, त्यामुळे ते पुन्हा भरून विकणाऱ्यावर पेटंटभंगाचा दावा करता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. पण हा निकाल पेटंटपुरता आहे. चिप आणि फर्मवेअरच्या कुलपाला त्याने हात लावलेला नाही. म्हणून रिफिलवर भिस्त असेल, तर मॉडेल ठरवण्यापूर्वी खोक्यावरील बारीक अक्षरातील अट वाचणे आणि आपल्या रिफिलवाल्याला विचारणे, दोन्ही करावे.

सुरक्षेचा प्रश्न किती गंभीर?

जून २०२५ मध्ये ‘रॅपिड ७’ या सुरक्षा संस्थेने प्रिंटरमधील आठ त्रुटी उघड केल्या. ब्रदरची ६८९ आणि इतर चार कंपन्यांची मिळून ७४८ मॉडेल त्यात सापडली. सर्वांत गंभीर त्रुटी अशी की, यंत्राचा मूळ अॅडमिन पासवर्ड त्याच्या अनुक्रमांकावरूनच तयार केलेला होता. अनुक्रमांक मिळाला की पासवर्ड काढता येतो, आणि तो अनुक्रमांक मिळवण्याची वाट दुसऱ्या त्रुटीने खुली केली होती. बाकीच्या त्रुटी फर्मवेअर अपडेटने दुरुस्त होतात, पण ही त्रुटी उत्पादनाच्या पद्धतीतच असल्याने विकल्या गेलेल्या यंत्रांत ती पूर्णपणे दुरुस्त होत नाही. उपाय एकच, मूळ पासवर्ड बदलणे.

त्याआधी ऑगस्ट २०२० मध्ये ‘सायबरन्यूज’च्या संशोधकांनी इंटरनेटवर उघड्या असलेल्या सुमारे २८ हजार प्रिंटरवर परस्पर सुरक्षा-सूचनेचे पान छापून दाखवले होते. आधार, पॅन, वैद्यकीय अहवाल, करारनामे ज्या यंत्रातून जातात, ते उघडे ठेवणे म्हणजे कपाटाला कुलूप लावून खिडकी उघडी टाकणे.

ड्रायव्हरबाबत काय बदलते आहे?

जुलै २०२१ मध्ये विंडोजच्या छपाई यंत्रणेत ‘प्रिंटनाइटमेअर’ ही गंभीर त्रुटी उघड झाली. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने प्रिंटर कंपन्यांच्या स्वतंत्र ड्रायव्हरना विंडोज अपडेटमधून टप्प्याटप्प्याने निरोप देण्याची योजना जाहीर केली. भर आहे तो ‘आयपीपी’ या सामाईक भाषेवर. जुने प्रिंटर त्यामुळे एका रात्रीत बंद पडणार नाहीत. पण दिशा स्पष्ट आहे.

याचा फटका बसतो तो ‘होस्ट-बेस्ड’ यंत्रांना. त्यांत पान तयार करण्याचे काम संगणक करतो आणि त्यासाठी त्या कंपनीचाच ड्रायव्हर लागतो. एचपीचा लेझरजेट १०२० हे त्याचे परिचित उदाहरण. अशा यंत्रासाठी नव्या विंडोजचा ड्रायव्हर आला नाही, तर धडधाकट यंत्रही अडगळीत जाते. याउलट पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट समजणारा, तसेच एअरप्रिंट आणि मोप्रिया या सुविधा असलेला प्रिंटर संगणक बदलला तरी बहुधा कामी येतो. मोबाइलवरून छपाईसाठी वेगळे अॅपही लागत नाही.

वाय-फाय की केबल?

शक्य असेल तर केबल. अनेक स्वस्त प्रिंटरचे वाय-फाय फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालते आणि त्याच पट्ट्यात शेजारपाजारच्या राउटरची गर्दी असते. इथरनेटचे सॉकेट असलेले मॉडेल थोडे महाग, पण ‘प्रिंटर ऑफलाइन’ची कटकट कमी. राउटरमध्ये प्रिंटरचा आयपी पत्ता राखून ठेवला की तो वारंवार ‘हरवत’ नाही. स्कॅनरही हवा असेल, तर स्कॅन केलेली फाइल थेट संगणकाच्या फोल्डरमध्ये जाते का, हे विचारावे. जुनी यंत्रे त्यासाठी एसएमबी-१ ही पद्धत वापरतात, जी नव्या विंडोजमध्ये सुरक्षेपायी बंद ठेवलेली असते.

इन्व्हर्टरवर चालतो का?

लेझर प्रिंटरमधील फ्यूजर सुमारे २०० अंश सेल्सियसपर्यंत तापतो, तेव्हा क्षणभर शेकडो वॅट वीज ओढली जाते. संगणकाच्या छोट्या यूपीएसला हा भार झेपत नाही, म्हणूनच तिथे प्रिंटर जोडू नये असे उत्पादक सांगतात. वारंवार वीज जाणाऱ्या भागात हा मुद्दा खरेदीपूर्वीच तपासावा. पाने अगदीच कमी आणि रंगीत असतील, तर टाकीवाल्या इंकजेटचा पर्याय आहे. मात्र तो महिनोन्महिने न वापरल्यास शाई सुकण्याचा धोका असतो, टोनरच्या पावडरला ती भीती नाही.

खरेदीनंतर पहिल्या दिवशी काय करावे?

अॅडमिन पासवर्ड बदलावा. फर्मवेअर अद्ययावत करावे, पण रिफिल वापरायचे असल्यास अपडेटच्या अटी आधी वाचाव्यात. इथे सुरक्षा आणि बचत यांची ओढाताण होते, आणि ती टाळायची तर बाहेरचे काट्रिज न अडवणारे मॉडेल आधीच निवडणे हाच मार्ग. राउटरवरून प्रिंटरकडे इंटरनेटची थेट वाट उघडू नये, न लागणाऱ्या सेवा बंद कराव्यात, पाहुण्यांसाठी वेगळे वाय-फाय ठेवावे. आणि यंत्र विकताना किंवा भंगारात देताना ‘फॅक्टरी रीसेट’ करावे, कारण वाय-फायचा पासवर्ड आणि पत्त्यांची यादी त्याच्या स्मृतीत राहिलेली असते.